गेममधला मॅक्रो बटणं गाळतो किंवा रेंगाळतो, तेव्हा दोष शोधायचा कसा

मॅक्रो म्हणजे एका दाबण्यात अनेक बटणं ठरलेल्या क्रमानं दाबून देणारी साठवलेली मालिका. "मॅक्रो स्लो चालतोय" अशी तक्रार आली की आधी विचारावं लागतं, म्हणजे नक्की काय होतंय? कारण या एका वाक्याआड निदान चार वेगळी दुखणी असतात. पहिलं, मधलंच एखादं बटण गळतं. तीन स्किल (पात्राच्या खास चाली) लागायची होती. पहिलं आणि तिसरं लागलं, दुसरं गायब. दुसरं, सगळी बटणं पोहोचतात, पण दोन बटणांमध्ये डोळ्यांना दिसेल एवढी फट राहते. तिसरं, एरवी सगळं सुरळीत आणि नेमक्या गर्दीच्या लढाईत सगळं विस्कटतं. चौथं, बोट उचललं तरी मॅक्रो थांबत नाही, किंवा एकदा दाबलं तर दोनदा लागतं.

या चारही दुखण्यांवर बहुतेक जण एकच उपाय करतात: डिले, म्हणजे मॅक्रोमधले मिलिसेकंदांतले थांबे, कमी करत जातात. पन्नासचे वीस, विसाचे पाच, शेवटी शून्य. दुसऱ्या प्रकारात त्याचा उपयोग होतो. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मात्र त्यानं परिस्थिती आणखी बिघडते. कारण बटणं गाळणारा मॅक्रो सहसा हळू नसतोच, तो गेमला झेपेल त्यापेक्षा घाईत असतो. म्हणून या लेखात वेग वाढवण्याआधी, दाबलेलं बटण वाटेत नक्की कुठे हरवतं ते शोधायचं आहे. उदाहरणं विंडोजवरची आहेत, पण फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र), टिक (गेमच्या सर्व्हरच्या घड्याळाचा ठोका) आणि कूलडाउन (स्किल पुन्हा वापरता येईपर्यंतचा थांबा) यांचं गणित कुठेही तेच राहतं.

आधी नियम बघा

गेमनं स्वतः दिलेली मॅक्रोची खिडकी वेगळी आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरनं किंवा माऊसनं चालवलेला मॅक्रो वेगळा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट किंवा फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मॅक्रो लिहायची सोय गेममध्येच आहे; ती बिनधास्त वापरा. बाहेरच्या मॅक्रोबद्दल मात्र प्रत्येक गेमचं धोरण निराळं असतं आणि ते बदलत राहतं. ब्लिझार्डनं नोव्हेंबर २०२० मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी, एकदा दाबलेलं बटण एकाच वेळी अनेक खात्यांना पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी आणली. वाल्वनं ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर, एका दाबण्यात अनेक हालचाली करून देणारे बाइंड (बटणाला जोडलेल्या आज्ञा) आणि उलट दिशांची बटणं आपोआप सांभाळणारी कीबोर्डमधली सोय या दोन्हींना मज्जाव केला. असं इनपुट ओळखलं गेलं तर खेळाडूला चालू सामन्यातून काढून टाकतात. ही सोय कीबोर्डच्या कंपनीनंच दिली होती, असं सांगून तिथे सुटका होत नाही.

तुमच्या गेममध्ये बाहेरचा मॅक्रो चालत नसेल तर त्याची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. खातं जाईल ते तुमचं. आणि अँटी-चीटला, म्हणजे फसवेगिरी पकडणाऱ्या प्रणालीला, चकवण्यासाठी वेळेत मुद्दाम फेरफार कसे करायचे, हे शोधत इथे आला असाल तर ते मिळणार नाही. एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या दृष्टीनंही लक्षात असू द्या: काही अँटी-चीट प्रणाली सॉफ्टवेअरनं तयार केलेलं इनपुट गुपचूप अडवतात. बाकी सगळीकडे व्यवस्थित चालणारा मॅक्रो एकाच गेममध्ये पूर्णपणे मुका होत असेल, तर तो वेगाचा प्रश्न नव्हे.

मोजल्याशिवाय आकड्याला हात लावू नका

गेम बंद करा, नोटपॅड उघडा आणि मॅक्रो तिथे चालवा. समजा तुमचा मॅक्रो १, २ आणि ई ही बटणं ओळीनं दाबतो. तो वीस वेळा चालवा आणि काय उमटलं ते वाचा. वीसही गट पूर्ण असतील तर कीबोर्ड, त्याचं सॉफ्टवेअर आणि विंडोज इथपर्यंतचा रस्ता साधारण मोकळा आहे आणि गडबड गेमच्या दारात आहे. नोटपॅडमध्येही अक्षरं गळत असतील, दुप्पट येत असतील किंवा क्रम बदलत असेल, तर गेमची सेटिंग कितीही उलटीपालटी केली तरी फरक पडणार नाही. या पाच मिनिटांत अर्धा शोध संपतो, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

या चाचणीला एक मर्यादा आहे. नोटपॅडला फक्त 'अमुक अक्षर आलं' एवढंच कळतं. बटण किती वेळ दाबलेलं होतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. गेमला ते असतं. त्यामुळे नोटपॅडमध्ये पास झालेला मॅक्रो गेममध्ये नापास होऊ शकतो, आणि बहुतेकदा तसंच होतं.

वेळा बघायच्या असतील तर ऑटोहॉटकी (विंडोजवर बटणांच्या स्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी त्यातच सोय आहे. स्क्रिप्टच्या मुख्य खिडकीत, व्ह्यू मेन्यूमध्ये, की हिस्टरी नावाचं पान असतं. प्रत्येक ओळीत एक घटना दिसते: कोणतं बटण, खाली गेलं की वर आलं, आणि आधीच्या घटनेपासून किती वेळ गेला. हा वेळ सेकंदात असतो, त्यामुळे ०.०३ म्हणजे ३० मिलिसेकंद. या रकान्यात 'खाली' आणि 'वर' यांच्यामध्ये ०.०० दिसलं तर गळतीचं कारण जवळपास सापडलंच. ते का, हे पुढे येतंय.

ज्यांच्याकडे असं साधन नाही त्यांनी फोनचा स्लो मोशन कॅमेरा वापरावा. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा कॅमेरा असेल तर त्याची एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. बोट आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या आणि फ्रेम मोजा. प्रयोगशाळेची अचूकता मिळणार नाही, पण उशीर २० मिलिसेकंदांचा आहे की २०० चा, हे नक्की कळतं. आणि उपाय ठरवायला तेवढं पुरतं.

फ्रेमचं गणित: गळतीचं मुख्य कारण

सेकंदाला ६० फ्रेम काढणारा गेम दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम बनवतो. १४४ ला हा वेळ ६.९ मिलिसेकंद, ३० ला ३३.३. बरेच गेम प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला एकदाच बघतात की या क्षणी कोणती बटणं दाबलेली आहेत. मधल्या काळात कोणी बटण दाबून सोडलंही, तर अशा गेमच्या लेखी ते घडलंच नाही.

आता वरचा १, २, ई हा मॅक्रो घ्या. प्रत्येक बटण १० मिलिसेकंद दाबलेलं राहतं आणि गेम ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम) चालतोय. गेम दर १६.७ मिलिसेकंदांनी डोकावतो, बटण त्यातले १० मिलिसेकंद खाली असतं. म्हणजे गेमची नजर पडली तेव्हा बटण खाली असण्याची शक्यता साधारण ६० टक्के. तिन्ही बटणं एकाच फेरीत सापडण्याची शक्यता ढोबळमानानं ०.६ चा तीनदा गुणाकार, म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपास. पाचातली एखादीच फेरी पूर्ण होणार. हाच मॅक्रो १४४ एफपीएसच्या मशीनवर न्या, तिथे फ्रेम ६.९ मिलिसेकंदांची, बटण १० मिलिसेकंद खाली, त्यामुळे एकही दाब सुटत नाही. 'मित्राकडे चालतो, माझ्याकडे नाही' याचं कारण बहुतेकदा हेच असतं. फाइल तीच, आकडे तेच, फक्त फ्रेमचा वेळ वेगळा.

गर्दीच्या लढाईतच मॅक्रो का फसतो तेही यातूनच कळतं. एरवी ९० एफपीएस देणारा गेम दहा जणांच्या स्फोटांत ४० वर येतो, फ्रेम ११ वरून २५ मिलिसेकंदांवर जाते, आणि सरावात निर्धोक वाटलेला २० मिलिसेकंदांचा दाब आता अपुरा पडतो.

म्हणून दाबून ठेवायचा वेळ ठरवताना सरासरी एफपीएस धरू नका. सगळ्यात वाईट क्षणी एफपीएस किती पडतो ते बघा, त्याच्या एका फ्रेमचा वेळ काढा आणि दुप्पट करा. ४५ एफपीएसपर्यंत पडत असेल तर फ्रेम २२ मिलिसेकंदांची, म्हणून दाब ४५ चा. तीसपर्यंत पडत असेल तर सरळ ६५ ते ७०. हिशोबानं एका फ्रेमपेक्षा थोडा जास्त वेळही पुरायला हवा, पण फ्रेम एकसारख्या लांबीच्या येत नाहीत. मध्येच एखादी ताणली जाते. दुप्पट धरलं की ती ताणलेली फ्रेमही सामावते.

बटण सोडल्यानंतरच्या फटीलाही हाच नियम लागतो, विशेषतः तेच बटण लागोपाठ दोनदा दाबायचं असेल तेव्हा. मधली फट पाच मिलिसेकंदांची असेल तर गेमला आधीच्या फ्रेममध्ये बटण खाली दिसतं, पुढच्या फ्रेममध्येही खालीच. मध्ये ते वर येऊन गेलं हे त्याला कळतच नाही. दोन दाबांचा एक लांब दाब होतो. वेगवेगळी बटणं असतील तर फट थोडी कमी चालते.

सगळेच गेम असे नसतात, हे खरं. काही गेम विंडोजकडून येणारी प्रत्येक घटना रांगेत घेतात, तिथे छोटा दाबही हरवत नाही. पण तिथेही एकाच फ्रेममध्ये 'खाली' आणि 'वर' दोन्ही आले तर चार्ज होणारं स्किल चार्ज न होता सुटतं, उडी अर्धवट होते. तुमचा गेम कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला सोपी युक्ती: दाबाचा वेळ १०० मिलिसेकंद करून बघा. गळती पूर्ण थांबली तर कारण सापडलं. आता हळूहळू खाली या.

याच संदर्भात, एफपीएसला मुद्दाम मर्यादा घालणं मला फार उपयोगी वाटतं. ७० ते १४० असा हेलकावे खाणारा गेम ७० वर बांधला तर चित्र थोडं कमी गुळगुळीत दिसेल, पण फ्रेमचा वेळ स्थिर राहील आणि मॅक्रोला एकच गणित सांभाळावं लागेल. व्ही-सिंकनं (गेमच्या फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी जुळवणारी सोय) मात्र उशीर वाढतो. बटणं गळत नाहीत, सगळंच थोडं मागून येतं. 'सगळं बरोबर पण जड' असं वाटत असेल तर आधी व्ही-सिंक बंद करून बघा.

तुम्ही २० लिहिता, विंडोज ३१ थांबतं

दुसरं दुखणं, म्हणजे सगळी बटणं पोहोचतात पण फटी मोठ्या, याचं मूळ बहुतेकदा टायमरमध्ये असतं. विंडोजचं अंतर्गत घड्याळ मुळात दर १५.६ मिलिसेकंदांनी ठोका देतं. स्क्रिप्टमध्ये 'स्लीप' नावाची आज्ञा असते, ती या ठोक्यांवर चालते. तुम्ही १ लिहिलं तरी ती १५ च्या आसपास थांबू शकते, २० लिहिलं तर ३१. दहा पायऱ्यांच्या मॅक्रोत प्रत्येक ठिकाणी ११ मिलिसेकंदांची भर पडली की १०० हून जास्त मिलिसेकंद विनाकारण गेले.

एखाद्या प्रोग्रामनं विनंती केली तर विंडोज हा ठोका बारीक करतं, अगदी एक मिलिसेकंदापर्यंत. पूर्वी एका प्रोग्रामनं केलेली विनंती सगळ्यांना लागू व्हायची. गेम किंवा ब्राउझर उघडला की त्याच्या विनंतीमुळे तुमची स्क्रिप्टही आपोआप चपळ व्हायची. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून हे बदललं. आता ज्यानं मागितलं त्यालाच बारीक ठोक्याची हमी. विंडोज ११ मध्ये तर त्याहून पुढची अट आली. ज्या प्रोग्रामची खिडकी पूर्ण झाकलेली किंवा मिनिमाइझ आहे, त्यानं मागितलं असलं तरी विंडोज हमी देत नाही. पूर्ण पडदा व्यापलेल्या गेमच्या मागे मॅक्रोचं सॉफ्टवेअर झाकलेलंच असतं. विंडोज अपडेटनंतर जुना मॅक्रो सुस्त झाला असेल तर संशय इथे घ्यावा.

यावर उपाय दोन. पहिला, १५.६ च्या पटीत विचार करा: १५, ३१, ४६. जे मिळणारच आहे तेच मागितलं की निदान अंदाज चुकत नाही. दुसरा आणि माझ्या पसंतीचा, मॅक्रो माऊसच्या किंवा कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवा. अनेक गेमिंग माऊसमध्ये ऑनबोर्ड मेमरी असते. त्यात साठवलेला मॅक्रो उपकरणातली चिप चालवते. विंडोजच्या घड्याळाशी, प्रोसेसरवरच्या ताणाशी त्याचा संबंध उरत नाही. नियमांच्या दृष्टीनं मात्र तो बाहेरचाच मॅक्रो राहतो.

सॉफ्टवेअरनं न विचारता घातलेले आकडे

लॉजिटेकच्या जी हबमध्ये (त्यांच्या माऊस-कीबोर्डचं सॉफ्टवेअर) मॅक्रो बनवताना 'स्टँडर्ड डिले' हा पर्याय चालू असतो आणि त्याचा आकडा ५० मिलिसेकंद. हा डिले प्रत्येक पायरीनंतर येतो, म्हणजे बटण खाली जाणं ही एक पायरी आणि वर येणं ही दुसरी. तीन बटणांच्या सहा पायऱ्या झाल्या आणि मॅक्रो पाव सेकंदाच्या पुढे गेला. हा पर्याय बंद केला की प्रत्येक डिले वेगळा लिहिता येतो: दाबाला ४०, फटीला २० असा. रेकॉर्ड करून बनवलेल्या मॅक्रोत वेगळीच भानगड असते. तुमच्या बोटांच्या वेळा जशाच्या तशा नोंदल्या जातात, रेकॉर्ड बटण दाबल्यापासून पहिलं बटण दाबेपर्यंतची फटसुद्धा काही वेळा त्यात शिरते. 'दाबल्यावर अर्ध्या सेकंदानं सुरू होतो' या तक्रारीत मॅक्रोची पहिली ओळ उघडून बघा.

ऑटोहॉटकीत सगळ्यात जास्त जण जिथे अडकतात ती जागा म्हणजे 'सेंड'. या आज्ञेचे प्रकार आहेत. 'सेंडइनपुट' सगळी बटणं एका झटक्यात ढकलतो, मध्ये एकही थांबा नाही. मजकूर टाइप करायला तो उत्तम आणि गेमसाठी बहुतेक वेळा वाईट, कारण दाबाचा वेळ जवळपास शून्य. 'सेंडइव्हेंट' मात्र 'सेटकीडिले' मानतो. त्यात दोन आकडे देता येतात: पहिला दोन बटणांमधल्या फटीचा, दुसरा दाबून ठेवण्याचा. दुसरा आकडा दिलाच नाही तर दाब क्षणभराचाही राहत नाही, आणि इंटरनेटवरून उचललेल्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये तो नसतोच. सेंडइनपुटपुढे सेटकीडिले कितीही लिहा, तो दुर्लक्ष करतो.

डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती अधिकृतपणे आली, तेव्हापासून साध्या 'सेंड'चा मूळ स्वभावही बदलला आहे. पहिल्या आवृत्तीत तो इव्हेंट पद्धतीनं चालायचा, दुसरीत इनपुट पद्धतीनं. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत आणल्यावर गेममध्ये बटणं गळू लागली असतील तर सुरुवातीला सेंडमोड इव्हेंट असं स्पष्ट लिहा, आणि सेटकीडिलेत दोन्ही आकडे द्या.

दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालू असण्याचा परिणामही चमत्कारिक असतो. दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टनं कीबोर्डवर हूक (प्रत्येक बटण आधी स्वतःकडे घेणारी व्यवस्था) बसवला असेल, तर तुमचा सेंडइनपुट आपोआप सेंडइव्हेंटसारखा वागू लागतो. एक स्क्रिप्ट बंद केली की दुसरीचा वेग बदलतो, आणि माणूस चक्रावतो. शोध चालू असेपर्यंत मॅक्रोचं एकच सॉफ्टवेअर चालू ठेवा. माऊसचं एक, कीबोर्डचं दुसरं आणि वर ऑटोहॉटकी, अशा त्रिकुटात दोष शोधणं अवघड आहे.

थांबतच नाही, किंवा दुप्पट लागतं

बटण दाबून धरल्यावर मॅक्रो एकदा चालतो, क्षणभर थांबतो आणि मग धडाधड चालू राहतो? ही विंडोजच्या ऑटो-रिपीटची खूण आहे. दाबून धरलेलं बटण विंडोज पाव ते एक सेकंदाच्या विरामानंतर पुन्हा पुन्हा पाठवतं, सेकंदाला जास्तीत जास्त तीसच्या आसपास. मॅक्रोचा ट्रिगर त्यावर अवलंबून असेल तर वेग तुमच्या हातात राहत नाही. कंट्रोल पॅनेलमधला रिपीट रेट वाढवणं हा तात्पुरता इलाज झाला. त्यापेक्षा मॅक्रोलाच 'बटण दाबलेलं आहे तोवर फिरत राहा, सोडलं की थांब' अशी रचना द्या. माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'दाबून धरल्यावर पुन्हा चालव' अशा अर्थाचा प्रकार निवडता येतो. तो 'टॉगल' वर गेलेला असेल तर बोट उचलून काहीच होणार नाही, पुन्हा दाबेपर्यंत तो चालूच राहील.

लांबीही तपासा. मॅक्रो ३०० मिलिसेकंदांचा आणि तुम्ही तो दर १०० ला दाबताय, तर काही सॉफ्टवेअर उरलेल्या फेऱ्या रांगेत लावतात आणि तुम्ही थांबल्यावरही त्या पूर्ण करतात. काही सरळ दुर्लक्ष करतात. पहिल्या वागण्याला लोक 'अडकला' म्हणतात, दुसऱ्याला 'मॅक्रो लागतच नाही'.

एकदा दाबून दोनदा लागणं नोटपॅडमध्येही दिसत असेल तर माऊसचा किंवा कीबोर्डचा स्विच झिजलेला असू शकतो. पत्रा थरथरतो आणि एका दाबाचे दोन होतात. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सचा वेळ (एका दाबानंतर लगेच आलेला दुसरा दाब दुर्लक्षायचा काळ) वाढवता येत असेल तर काही काळ निभावतं.

बटण गेमपर्यंत जातच नाही

इथे वेगाचा काही संबंध नाही, पण तक्रार तीच असते म्हणून थोडक्यात. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि मॅक्रोचं सॉफ्टवेअर साध्या हक्कांनी, तर विंडोज खालच्या हक्काच्या प्रोग्रामचं इनपुट वरच्याला पोहोचू देत नाही, आणि त्याबद्दल कुठलाही संदेशही दाखवत नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवा. जमलं तर गेमच साध्या हक्कांनी.

काही गेम अक्षर न बघता बटणाचा स्कॅन कोड बघतात, म्हणजे कीबोर्डवरच्या जागेचा क्रमांक. डब्ल्यूचा तो सोळाअंकी पद्धतीत ११ आहे, ए चा १ई. नोटपॅडमध्ये अक्षर उमटतं आणि गेममध्ये शांतता, असं असेल तर मॅक्रोत अक्षराऐवजी स्कॅन कोड पाठवून बघा. दुसऱ्या भाषेचा कीबोर्ड लेआउट चालू राहिला असेल तरी हीच लक्षणं दिसतात.

उपकरण आणि विंडोजच्या सोयी

फिल्टर कीज ही सोय चालू झालेली असली तर विंडोज छोटे आणि लागोपाठचे दाब मुद्दाम गाळतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की तिचा प्रश्न पडद्यावर येतो, आणि गेमच्या धांदलीत कोणीतरी 'हो' दाबून बसतं. डावं किंवा उजवं शिफ्ट पाचदा दाबलं की स्टिकी कीज, म्हणजे शिफ्टसारखं बटण सोडल्यावरही दाबलेलंच मानणारी सोय. दोन्हींचे शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाका. गेम खेळणाऱ्याला ते कधी ना कधी नडतातच.

पोलिंग रेट १२५ हर्ट्झ असेल तर उपकरण दर ८ मिलिसेकंदांनी संगणकाशी बोलतं, १००० ला दर एक मिलिसेकंदानं. १२५ वरून १००० वर जाणं फायद्याचं. माऊस ८००० वर नेल्यावर मात्र जुन्या प्रोसेसरवर एफपीएस पडू शकतो, म्हणजे जे कमावलं त्याहून जास्त फ्रेमच्या हिशोबात गमावलं. ब्लूटूथवर चालणाऱ्या कीबोर्डचा गेमिंग मॅक्रो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. आधी तार लावा किंवा कंपनीचा यूएसबी रिसीव्हर, मग बघू. यूएसबी हबही काढा. लॅपटॉपवर पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा: बराच वेळ न वापरलेल्या उपकरणाचा पहिलाच दाब उशिरा येतो, तो त्यामुळे असू शकतो.

गेमचं स्वतःचं घड्याळ

सगळं बरोबर असूनही स्किल लागत नसेल तर गेमच नको म्हणत असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बहुतेक स्किलना दीड सेकंदाचा ग्लोबल कूलडाउन (एक स्किल लागल्यावर बाकीच्यांनाही लागणारा थांबा) आहे, हेस्ट या पात्राचा वेग वाढवणाऱ्या गुणानं तो कमी होतो. त्या आत मॅक्रोनं पन्नास वेळा बटण मारलं तरी एकच लागणार. मात्र तिथे स्पेल क्यू विंडो असते, मूळ आकडा ४०० मिलिसेकंद: कूलडाउन संपायच्या शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत दाबलेलं बटण गेम राखून ठेवतो आणि वेळ होताच लावतो. म्हणजे अगदी अचूक क्षणी दाबायची गरजच नाही. त्याच गेममध्ये स्किल बटण खाली जाताना लागावं की वर येताना, हेही सेटिंग आहे. ते 'वर येताना' वर असेल तर ६० मिलिसेकंदांचा दाब म्हणजे ६० मिलिसेकंदांचा उशीर.

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये परिस्थिती उलटी. तिथे हॉटबारवरून (पडद्यावरची स्किलची पट्टी) दाबलेली ॲक्शन रांगेत लागते, पण मॅक्रोतून आलेली लागत नाही. शिवाय मॅक्रोतला थांबा पूर्ण सेकंदातच देता येतो, आणि मूळ ग्लोबल कूलडाउन अडीच सेकंदांचा. दोन सेकंद थांबलं तर लवकर होतं, तीन थांबलं तर दर स्किलमागे अर्धा सेकंद वाया. म्हणून तिथे मुख्य रोटेशन (लढाईत स्किल वापरायचा ठरलेला क्रम) मॅक्रोत घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्कर लावणं, टीमला संदेश देणं, वस्तू बनवणं, एवढ्यापुरता तो मॅक्रो चांगला.

सर्व्हरचा टिकही बघावा लागतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर सेकंदाला १२८ टिक चालतात, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी. माइनक्राफ्टचा टिक ५० मिलिसेकंदांचा. ओल्ड स्कूल रुनस्केपचा तर ६०० मिलिसेकंदांचा. अशा गेममध्ये ५ मिलिसेकंदांची काटछाट करून काहीच हाती लागत नाही.

नेटवर्कवर संशय सगळ्यात शेवटी

लोक सुरुवात पिंगपासून (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) करतात, मी ती शेवटी ठेवतो. कारण तपासणं सोपं आहे: सरावाच्या किंवा ऑफलाइन मोडमध्ये मॅक्रो शंभर टक्के चालतो आणि ऑनलाइन गेल्यावरच बिघडतो का? तसं असेल तरच नेटवर्क. आणि तिथेही सरासरी पिंगपेक्षा त्यातली चढउतार जास्त त्रास देते. कायम ८० राहणाऱ्या पिंगला मॅक्रो जुळवून घेतो, ३० ते १५० नाचणाऱ्याला नाही. वायफाय सोडून केबल लावा. मागे कुठलं मोठं अपलोड चालू आहे का बघा, क्लाउड बॅकअप हा नेहमीचा गुन्हेगार. रजिस्ट्रीत चार आकडे बदलून पिंग निम्मा करण्याचे जे उपाय फिरतात, त्यांच्या नादी लागण्याआधी एवढं तरी करून बघा.

आकडे बसवण्याची पद्धत

आता प्रत्यक्ष जुळवणी. दाब १०० आणि फट १०० मिलिसेकंद ठेवून सुरुवात करा. सरावाच्या जागी मॅक्रो वीसदा चालवा. एकही गळती नसेल तर फक्त फट कमी करा: ८०, ६०, ४५, ३१. जिथे पहिली गळती दिसली त्याच्या आधीच्या आकड्यावर परत या. मग फटीला हात न लावता दाब कमी करा, त्याच पायऱ्यांनी. एका वेळी एकच आकडा बदलायचा, नाहीतर काय केल्यानं काय झालं ते कळत नाही. सापडलेल्या आकड्यांवर आणखी एक फ्रेम वाढवा आणि मग गर्दीच्या लढाईत तपासा. तिथे गळलं तर दाब वाढवा, फट नको.

ज्या स्किलच्या ॲनिमेशनला वेळ लागतो त्याच्यापुढची फट वेगळी मोठी ठेवा. सगळ्या फटी एकसारख्या असायलाच हव्यात असं नाही. उलट एका संथ स्किलसाठी सगळा मॅक्रो संथ करणं ही फार सर्रास दिसणारी उधळपट्टी आहे.

शेवटी जमलेले आकडे कुठेतरी लिहून ठेवा, सोबत एफपीएसची मर्यादा, पोलिंग रेट, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख. गेमचा पॅच, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा विंडोजचं अपडेट आल्यावर मॅक्रो पुन्हा बिघडला तर सुरुवात पुन्हा नोटपॅडपासून, आणि त्यानंतर बघायचं ते एफपीएस किती पडतोय हे.